एका पाटीवर दोन खाती

भैंसा

माननीय मंत्रिमहोदय,
मद्यनिषेध व आबकारी खाते, तेलंगणा सरकार, हैदराबाद यांस



पत्र मराठीत का, असे आपल्या कचेरीत कुणीतरी विचारीलच, म्हणून आधी तेच उरकतो. १९५६च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत भैंसा नांदेड जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबरला मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळे आदिलाबादला जोडली गेली आणि आमची माणसे अंथरुणातून उठली ती आंध्र प्रदेशात. २०१४ला आम्ही तेलंगणात आलो, २०१६च्या दसऱ्याला निर्मल जिल्ह्यात. घर तेच राहिले, पत्ता तेवढा बदलत गेला. (माझी बहीण अजून पाकिटावर आदिलाबादच लिहिते आणि पत्र पोचते.) मी चौतीस वर्षे मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवले, बाजारात तेलुगू बोललो, चहाच्या टपरीवर दखनी. पण जे सांगायचे आहे ते मला मराठीतच नीट सांगता येईल. आपल्या खात्यात आमच्या भागातला एखादा शिपाई असेलच, तो वाचून दाखवील.

आणि आधी कबुली देतो. मी शिंदी पितो. रोज नाही. थंडीच्या दिवसांत, रविवारी, उन्हे वर यायच्या आत. गावाबाहेर ओढ्याकाठी शिंदी काढणाऱ्या एका ओळखीच्या गौडाची झाडे आहेत. रात्री बांधलेले मडके पहाटे उतरले की दोन पेले. गोड, किंचित आंबट, जिभेवर बारीक बुडबुडे. बरोबर खारे शेंगदाणे, नाहीतर शेजारच्या शेतातला हुरडा. तासाभराने घरी येतो. बायको ‘आलात का?’ एवढेच म्हणते, त्या दोन शब्दांत काय ते आले. मग पुढचा रविवार उजाडेपर्यंत मला त्या झाडाची आठवणही होत नाही. हे लिहायला मला लाज वाटत नाही. सुखासाठी जगू नये असे सांगणारा हा कागद नव्हे, एवढे कळावे म्हणून लिहिले.

निवृत्त झाल्यापासून मला पाट्या वाचायचा नाद लागला आहे. आपल्या खात्याच्या पाटीवर दोन शब्द शेजारी शेजारी आहेत, मद्यनिषेध आणि आबकारी. एक दारू थांबवणारा, दुसरा दारूवर पैसे घेणारा. पोलीस ठाण्यावर कुणी ‘चोरी प्रतिबंध व चोरीच्या मालाची विक्री’ अशी पाटी लावली तर लोक पोट धरून हसतील. आपल्या पाटीला कोणी हसत नाही. वर्षानुवर्षे बघून बघून ती दिसेनाशी झाली आहे.

माझे वडील १९४७-४८च्या निजामाविरुद्धच्या लढ्यात होते. पुढारी वगैरे नव्हते, वीस-बावीस वर्षांचे पोर, हातात कुऱ्हाड. स्टेट काँग्रेसने तेव्हा जे कार्यक्रम दिले त्यांत शिंदीची झाडे तोडण्याचाही एक होता. निजामाच्या तिजोरीत आबकारीचा पैसा मोठा होता आणि तो या झाडांतून थेंब थेंब गळायचा. वडिलांनी किती झाडे पाडली ते मोजले नव्हते, पण एक गोष्ट ते हमखास सांगायचे. एका झाडाच्या बुंध्याशी म्हातारा गौड येऊन बसला आणि म्हणाला, हे झाड माझ्या लेकीच्या लग्नाचे आहे. झाड पडलेच. “आम्ही झाड नव्हतो तोडत, निजामाचा गल्ला तोडत होतो,” वडील म्हणायचे, आणि सुपारी कातरत जरा थांबून, “पण पडलं ते झाडच.”

१७ सप्टेंबर १९४८ला निजामाचे राज्य गेले. गल्ला जागेवर राहिला.

आज त्याचा आकार काय आहे ते आपल्याला माझ्याहून चांगले ठाऊक. राज्यात दारूची २६२० दुकाने, दोन वर्षांचा परवाना, तो सोडत काढून. २०२३च्या सोडतीत नुसते नाव घालायचे दोन लाख रुपये होते. नंबर लागो न लागो, ते परत मिळत नाहीत. १ लाख ३१ हजारांहून जास्त अर्ज आले आणि नव्या परवान्यावर एक बाटली विकली जाण्याआधीच सरकारकडे २६०० कोटींच्या वर रक्कम जमली. २०२५ला आपण तीन लाख केलेत. अर्ज ९५ हजारांच्या घरात आले, रक्कम मात्र वाढली. याच राज्याने २०१७ साली जुगाराच्या कायद्यात दुरुस्ती करून ऑनलाइन रमी बंद केली. पैसे लावून नशीब बघण्याचा नाद घरे बुडवतो म्हणून. योग्यच केले. पण चार-चार जणांनी वर्गणी काढून, बायकांचे दागिने ठेवून सोडतीत चिठ्ठ्या टाकल्या, त्याला कोणता खेळ म्हणायचे?

नवा परवाना १ डिसेंबरपासून लागतो. तेव्हा आमच्याकडे जिनिंगसमोर कापसाच्या गाड्या लागलेल्या असतात, रस्त्याच्या कडेच्या बाभळींवर सरकी सुटलेला कापूस अडकलेला असतो, आणि वर्षातून एकदाच खेळणारा पैसा माणसांच्या खिशात खेळू लागलेला असतो. योगायोग असेल.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. काही महिन्यांपूर्वी आमच्या भागात व्यसनमुक्तीचा एक कार्यक्रम झाला. वक्ते चांगले होते, आवाज खणखणीत होता. बोलता बोलता ते चार्वाकावर घसरले. म्हणाले, कर्ज काढा पण तूप प्या असे सांगणारा तो चार्वाक, आजची पिढी त्याच्याच मार्गाने चालली आहे, सुखाच्या मागे लागली म्हणून बुडाली. टाळ्या पडल्या. मी मागच्या बाकावर होतो. मास्तर माणसाला मागचे बाक सहसा मिळत नाही, त्यामुळे तिथे बसून विचार बरा होतो.

मंत्रिमहोदय, चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ लिहिला आणि चार्वाकाचे म्हणणे आपल्याला बहुतेक त्यातून कळते, म्हणजे विरोधकाच्या तोंडून. त्या एकाच प्रकरणात तो प्रसिद्ध श्लोक दोनदा येतो. सुरुवातीला येतो तेव्हा त्यात तूपही नाही, कर्जही नाही. जिवंत आहात तोवर सुखाने जगा, मरणाच्या तावडीतून कोणी सुटत नाही, एवढेच आहे. प्रकरण संपता संपता तोच श्लोक परत येतो आणि आता त्यात उधारीचे तूप घुसलेले असते. हे जाणकारांनी केव्हाच दाखवून दिले आहे. मराठीत आ. ह. साळुंखे यांनी ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ हा अख्खा ग्रंथ लिहून या बदनाम माणसाची बाजू मांडली. तरी आमच्या व्यासपीठांवर कर्जाचे तूप उकळतेच आहे.

बरे, कर्ज काढून कोण काय पिते ते भैंस्याच्या बाजारात येऊन बघावे. इथला शेतकरी बियाणे कर्जाने घेतो, खत कर्जाने घेतो, पोरीचे लग्न कर्जाने करतो, आणि कापूस अडत्याच्या काट्यावर चढायच्या आधीच त्याच्या वहीत उतरलेला असतो. यात चार्वाकाचा काय संबंध? तूप तर लग्नाच्या पंगतीतसुद्धा डालडाच असते.

चार्वाकाच्या नावावर ‘सर्वदर्शनसंग्रहा’त आणखी एक युक्तिवाद आहे, तो कोणी सांगत नाही. सुखात दुःख मिसळलेले असते म्हणून सुखच टाकून द्या, असे म्हणणाऱ्याला तो विचारतो, की काटे आहेत म्हणून तुम्ही मासा टाकता का? कोंडा आहे म्हणून तांदूळ टाकता का? हरणे येतील म्हणून पेरणी थांबवता का? आमच्याकडे हरणांपेक्षा रानडुकरांचा त्रास जास्त, पण प्रश्न तोच. मका त्यांनी उद्ध्वस्त केला म्हणून पुढच्या मृगाला कोणी तिफण घरात ठेवली नाही. शेतकऱ्याइतका या माणसाचा पक्का चेला दुसरा कोण सापडेल?

आणि महाभारतातला चार्वाक? युद्ध संपवून युधिष्ठिर हस्तिनापुरात शिरतो, हजारो ब्राह्मण आशीर्वाद देत असतात, आणि एकटा चार्वाक पुढे येऊन म्हणतो, आपलेच आप्त मारून मिळवलेल्या राज्याचा तुला धिक्कार असो. त्याला तिथल्या तिथे जाळून टाकतात. व्यासांनी त्याला राक्षस म्हटले आहे, दुर्योधनाचा मित्र म्हटले आहे, ते मला माहीत आहे. तरी त्या जत्रेत मेलेल्यांचा हिशेब विचारणारा तेवढा एकच निघाला. सुखवादी म्हणून ज्याला आपण हिणवतो तो विचारतो तरी काय, तर हे तुझे सुख कोणाच्या जिवावर उभे आहे. मला वाटते सुखाचे सगळे नीतिशास्त्र या एका प्रश्नात बसते, आणि तो प्रश्न आपल्या खात्याला विचारावा म्हणून हा सगळा प्रपंच.

ग्रीसमध्ये एपिक्युरस नावाचा एक गृहस्थ होऊन गेला, चार्वाकाइतकाच बदनाम. सुख हेच जीवनाचे ध्येय म्हणायचा. राहायचा पाणी-भाकरीवर. मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने चीजचे एक छोटे मडके मागितले, म्हणजे वाटेल तेव्हा मेजवानी करता येईल! माझ्या आजीने हे वाचले असते तर म्हणाली असती, शहाणा दिसतोय, याला भाकरीबरोबर अंबाडीची भाजी आणि मिरचीचा ठेचा वाढा. सुख पुरवून पुरवून वापरणारी माणसे तिने पुष्कळ पाहिली होती. ती स्वतः वर्षातून एकदा, संक्रांतीला, पोटभर गूळपोळी खायची आणि तिचे वर्णन पुढच्या संक्रांतीपर्यंत करायची.

मराठीत या बाबतीत दोन छान शब्द आहेत, हौस आणि तलफ. हौस असली की माणूस वाट बघतो, तयारी करतो, दहा जणांना बोलावतो, आणि नाही जमले तर हळहळून गप्प बसतो. तलफ आली की तो वाटही बघत नाही आणि कोणाला बोलावतही नाही. हौस भागल्यावर काहीतरी मिळालेले असते. तलफ भागल्यावर फक्त मघाची तडफड थांबलेली असते, तीही उद्या याच वेळेपर्यंत. संस्कृतात ‘व्यसन’ या शब्दाचा एक अर्थ संकट असा आहे. आपण तो शब्द घेतला आणि अर्थ तिकडेच ठेवून आलो.

आपल्या खात्याच्या वहीत हौसेच्या बाटलीचा आणि तलफेच्या बाटलीचा कर सारखाच भरतो. पण धंदा हौशी माणसावर चालत नाही, हे कोणताही दुकानदार सांगेल. माझ्यासारखी रविवारी दोन पेले घेणारी सगळी मंडळी एकत्र केली तरी शिंदीखान्याचे भाडे निघणार नाही. दुकान चालते ते रोज येणाऱ्यावर, सकाळी दार उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसणाऱ्यावर. ज्याला सुख सोडता येत नाही तो गिऱ्हाईक सगळ्यांत भरवशाचा. आणि त्या भरवशावर राज्याचा अर्थसंकल्प बसलेला आहे.

माझा एक विद्यार्थी होता. नाव सांगत नाही. अक्षर मोत्यासारखे, निबंधात उगाच मोठे शब्द घालायची खोड. दहावीनंतर जिनिंगमध्ये हमालीला लागला. दिवसभर नाकातोंडात कापूस, संध्याकाळी अंग मोडलेले, म्हणून शिंदी. स्वस्त होती. दुकान कोणते तेही सांगत नाही. आता झाडे कमी झाली आहेत, हे या भागात फिरणाऱ्या कुणालाही दिसते. झाडे मोजकी आणि शिंदी अमाप, हे गणित जमते कसे? आपल्या प्रयोगशाळांना ते चांगले माहीत आहे. पाणी, साखर, साबणासारखा फेस आणणारे काहीतरी, आणि वर क्लोरल हायड्रेट, डायझेपाम किंवा अल्प्राझोलाम. ही झोपेची आणि घबराटीची औषधे, जी डॉक्टरने तोलूनमापून द्यायची, ती मडक्यात पडतात. त्या शिंदीत शिंदी जवळजवळ नसतेच.

एकदा धाड पडली आणि ते दुकान आठ दिवस बंद राहिले. तिसऱ्या दिवशी त्या पोराला झटके आले. जीभ चावली, भिंतीतून मुंग्या येतात म्हणून ओरडू लागला. त्याची आई रडत माझ्याकडे आली. तिची मागणी ऐका, मंत्रिमहोदय. ती म्हणाली, मास्तर, तुमची ओळख आहे, कुठूनतरी एक बाटली आणून द्या. पोराची दारू सुटावी म्हणून बारा वर्षे नवस करणारी बाई दारू मागत होती. मी दिली आणून. दुसरे काय करणार होतो? २०१५ साली भेसळीविरुद्ध मोहीम निघाली तेव्हा निजामाबाद आणि महबूबनगरकडच्या दवाखान्यांत अशाच माणसांची रीघ लागली होती. २०२५च्या जुलैत खुद्द हैदराबादेत, कुकटपल्लीत, भेसळीच्या शिंदीने माणसे दगावली. धाड घालणारे आपले खाते, परवाना देणारेही आपलेच. झटके आलेल्याला धरून ठेवायला मात्र त्याची आई.

सुखाच्या मागे लागून तो बुडाला, असे त्याच्याबद्दल कोणी म्हटले की माझे डोके फिरते. शेवटची पाच वर्षे त्या मुलाच्या वाट्याला एक घोटभर सुख आले नव्हते. हे मी त्याच्या तोंडून ऐकले आहे. “सर, चव कशी असते ते विसरलो,” असे त्याने सांगितले होते.

मग बंद करा, असे मी म्हणेन असे आपल्याला वाटत असेल. नाही म्हणत. १९९२ साली नेल्लोरच्या दूबगुंट्यात साक्षरतेच्या वर्गातल्या बायकांनी साराय या देशी दारूविरुद्ध आवाज उठवला, ते लोण राज्यभर पसरले, पुढच्या वर्षी सारायवर बंदी आली आणि जानेवारी १९९५मध्ये एन. टी. रामारावांनी सगळीच दारू बंद केली. त्या बायकांना माझा दंडवत आहे. पण आम्ही सीमेवर राहतो. भोकर आणि धर्माबाद आम्हाला किती जवळ, हे तेव्हा भैंस्याच्या प्रत्येक पिणाऱ्याला नव्याने कळले. दुधाच्या कॅनमधून काय काय आले ते लिहीत नाही, ती माणसे अजून गावात आहेत. १९९७ला बंदी उठली. पुढे शेजारच्या चंद्रपूरने २०१५ ते २०२१ तोच प्रयोग केला आणि तोही गुंडाळला. बंदीच्या काळात बायकांना खरेच चार दिवस बरे आले, असे सांगणाऱ्या आहेत आणि मी त्यांना खोटे म्हणणार नाही. पण बंदी हौस आणि तलफ यांत फरक करत नाही. या एका बाबतीत ती आबकारीची सख्खी बहीण आहे.

आमच्या आळीत हरिनाम सप्ताह होतो. तिथला एक टाळकरी पूर्वी माझ्याबरोबर ओढ्याकाठी यायचा. एका आषाढीला पंढरपूरहून माळ घालून आला आणि येणे बंद केले. लोक म्हणाले, त्याने सुख सोडले. मला तसे कधी दिसले नाही. पहाटेच्या काकड्याला तो अंगणात पाय आपटत नाचतो तेव्हा त्याचा चेहरा मी पाहिला आहे. शिंदीच्या दोन पेल्यांनी माझा चेहरा कधी तसा झालेला नाही, हे मी त्याला सांगितलेसुद्धा. तो म्हणाला, “मास्तर, तुमचं स्वस्त आहे, माझं फुकट.” आता आम्ही रविवारी संध्याकाळी चहाला भेटतो. त्याला माझ्या पेल्यांचा राग नाही आणि मला त्याच्या माळेचा. सुखाच्या बाबतीत गावात एवढी समजूत पुष्कळ दिसते. हिशेब बिघडतो तो कुणाचे तरी घर त्यात ओढले गेले की.

ते घर बघायचे असेल तर खेड्यातल्या बेल्ट शॉपवर या. किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत, कधी पिठाच्या गिरणीत, परवान्याच्या दुकानातून आणलेली बाटली वीस-तीस रुपये चढवून विकली जाते. उधारीवर. सही नाही, पावती नाही, आणि वसुली कापूस विकल्यावर. कर्ज काढून तूप पिण्याची गोष्ट खरी व्हावी असे कोणाला वाटत असेल, तर ती इथे झाली आहे. पिणारा एक असतो. वहीत त्याचे नाव असते. फेड मात्र दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणाऱ्या त्याच्या बायकोच्या मजुरीतून होते. चार्वाकाचा प्रश्न विचारायला याहून चांगली जागा नाही, आणि तिथे आपल्या खात्याचा माणूस येतो तो बहुधा सणावाराच्या आधी.

मी मास्तर आहे, धोरण आखणे मला येत नाही. पण ज्या हाताने गल्ला मोजायचा त्याच हाताने नाडी बघायची, ही व्यवस्था आधी मोडा. पाटी दोन करा, माणसे दोन करा, आणि मद्यनिषेधाच्या अधिकाऱ्याची बढती दारूच्या खपावर ठरत नाही याची व्यवस्था करा. सोडतीच्या फीमधून जे हजारो कोटी एका महिन्यात जमतात त्यांतला एक घास आमच्या भैंस्याच्या सरकारी दवाखान्यात द्या. तलफ सुटताना येणारे झटके सांभाळणाऱ्या चार खाटा, औषधे, आणि रात्री हजर राहणारा एक डॉक्टर. शिंदीखान्यावर धाड घालायची त्याच दिवशी त्या खाटा तयार असू द्या, म्हणजे कुणा आईला मास्तरकडे बाटली मागायला यावे लागणार नाही. शिंदी काढणाऱ्या गौडांना झाडे लावायला जमीन द्या. सध्या शिंदीचे दुकान आहे आणि शिंदीचे झाड नाही, ही आमच्या भागातली सगळ्यांत मोठी भेसळ आहे.

आणि एक आमंत्रण. येत्या थंडीत एखाद्या रविवारी आपण भैंस्याला या. आदल्या रात्री निर्मलला मुक्काम करा. बाहेरच्यांना भैंसा म्हटले की दंगलच आठवते, पण पहाटे पाचला हे गाव फार शांत असते. नांदेडच्या रस्त्याने निघून डावीकडे ओढ्याला उतरायचे. मी कंदील घेऊन उभा असेन. गौड झाडावर चढेल, मडके आपल्यासमोर उतरेल. प्यायचे की नाही ते आपण ठरवा, आग्रह करणार नाही. पेले माझ्याकडचे असतील, भेसळ तपासायची पेटी तेवढी खात्याकडून आणा. परत येताना वाटेत, ज्याचे नाव मी सांगितले नाही, तो शिंदीखाना लागतो. सहाच्या आत पोचलो तर पायरीवर बसलेली माणसेही भेटतील, आणि पेटी तिथेच उघडता येईल.

आपला,
मराठीचा एक निवृत्त मास्तर,
भैंसा